वीजमूठचे सुटलेले फुगे

नाही म्हणायला माणसाला काही कष्ट पडत नाहीत. तोंड उघडायचं, नाही म्हणायचं, तोंड मिटायचं, झालं काम. पण तराजूरावांना एवढंही जमलं नाही. प्रकाशकाने फोनवर विचारलं, "वडिलांचं सगळं काम तुम्हाला ठाऊक असेलच ना?" आणि तराजूराव म्हणाले, "ठाऊक काय, तोंडपाठ आहे." पुढे जे रामायण झालं ते सगळं या एका वाक्यामुळे. वर सांगायची गोष्ट म्हणजे त्यांनी त्या कामातली निम्मी पानं उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

तराजूराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुठली आई पोटच्या पोराला असलं नाव ठेवेल? ते वजनमापं तपासायच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. दुकानदारांचे काटे आणायचे, वजनं ताडून पाहायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा. हे काम त्यांनी तीस वर्षं इतकं मन लावून केलं की कचेरीने त्यांचं नाव तराजूराव पाडलं आणि ते नाव त्यांच्या मागोमाग घरी आलं. फक्त बायको त्यांना "अहो" म्हणायची.

आता वडिलांबद्दल. बाबा चित्रकार. एकेकाळी त्यांची 'वीजमूठ' नावाची चित्रकथा दर महिन्याला निघायची आणि लोक ती रांगा लावून घ्यायचे. (लोक म्हणजे मुलं, आणि मुलांच्या नावाखाली त्यांचे बाप.) गोष्ट एका घराण्याची होती. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक हातमोजा. तो चढवला की मुठीत वीज येते. आजोबांनी तो घालून शहर वाचवलं, मग मोजा मुलाला दिला. मुलानेही शहर वाचवलं. ते शहरही असं नाठाळ की दर महिन्याला न चुकता संकटात सापडायचं. आता तो मुलगाही म्हातारा झालेला आणि प्रश्न असा की मोजा पुढे द्यायचा कुणाला? त्याला दोन मुलं. थोरली लेक आणि धाकटे चिरंजीव.

हे चिरंजीव अकराव्या भागात पहिल्यांदा आले. जाड भिंगांचा चष्मा, काखेत छत्री, हातात डब्याची पिशवी, आणि वीज कडाडली की थेट टेबलाखाली. तराजूराव तेव्हा बावीस वर्षांचे होते, नोकरीला लागून महिना झाला होता. त्यांनी ते पान पाहिलं, मग आरशात पाहिलं, मग अंक मिटून ठेवला. त्यानंतर त्यांनी 'वीजमूठ'चा एकही भाग वाचला नाही. बाबांनी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही. एकाच घरात तीस वर्षं दोन पुरुष मीठ दे, पेपर दे, पंखा बंद कर, एवढ्यावर राहिले.

आणि तीन महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले की त्यांना समजतं सगळं, फक्त आतलं बाहेर यायला रस्ता राहिलेला नाही. दुसरा झटका आला तर काही सांगता येणार नाही, तोवर त्यांना जपा. बाबांनी तराजूरावांना जन्मात कधी वाईट म्हटलं नव्हतं, हे खरं. पण चांगलंही म्हटलं नव्हतं. मुलगा म्हणून तू मला पसंत आहेस, एवढंच त्या बिचाऱ्याला एकदा ऐकायचं होतं, आणि बावन्नाव्या वर्षी हे कुणाला बोलून दाखवायचीही चोरी. आता तर ऐकवणाराच मुका झाला होता.

अशात प्रकाशकाचा फोन. 'वीजमूठ'चे एकवीसही भाग दोन जाड खंडांत काढायचे होते. जुना छापखाना केव्हाच बंद पडला होता आणि घरातले अंक "वाचून देतो" म्हणणाऱ्यांनी नेले ते नेलेच. तेव्हा बाबांनी हाताने काढलेली मूळ पानंच हवी होती, आणि तीही महिन्याभरात. बाबांच्या डोळ्यांदेखत पुस्तक व्हावं असं प्रकाशकालाही वाटत होतं. मग तो तोंडपाठचा प्रश्न आला, आणि उत्तर तर तुम्हाला माहीतच आहे.

रविवारी तराजूरावांनी माळ्यावरून पेटी काढली. आता इथे बाबांची कामाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढची मजा (मजा म्हणजे मयतातली मजा) कळायची नाही. बाबा चित्रं आधी काढायचे आणि शब्द शेवटी लिहायचे. पात्रं जे बोलतात ते वेगळ्या कागदावर लिहायचं, त्याभोवती फुगा काढायचा, तो कात्रीने कापायचा आणि खळीने चित्रावर चिकटवायचा. म्हणजे पान छापायला जाईस्तोवर कुणाच्याही तोंडचं वाक्य बदलता येतं. फार सोयीची पद्धत. फक्त खळ पडली पिठाची, आणि पेटीला लागली होती कसर. त्या किड्यांनी तीस वर्षं बसून सगळी खळ चाटूनपुसून खाल्ली आणि कागदाला तोंडही लावलं नाही. सगळे फुगे आपापल्या पानावर नुसते टेकलेले होते.

तराजूरावांनी पेटी पलंगावर उपडी केली. पंखा पाचवर होता.

पुढचं अर्धं मिनिट त्या खोलीत काय झालं ते बायकोने दारातून पाहिलं. तीनशेच्या वर फुगे हवेत उठले. काही कपाटाखाली गेले, काही खिडकीच्या गजांत अडकले, दोन तिच्या हातातल्या दुधाच्या पातेल्यात पडले, एक तराजूरावांच्या घामेजल्या टकलाला चिकटला. त्यावर लिहिलं होतं, "पळा, इमारत कोसळतेय." तराजूराव पंखा बंद करायला धावले आणि घाईत त्यांनी दिवा बंद केला. मग दिवा लावला, मग पुन्हा दिवाच बंद केला. बायकोने येऊन पंखा बंद केला तोवर 'वीजमूठ'च्या एकवीस भागांतली सगळी माणसं मुकी झाली होती.

बायको गुडघ्यांवर बसून फुगे गोळा करू लागली. गोळा करता करता तिने विचारलं, "कुठला कुठे लावायचा ते येतंय ना तुम्हाला?"

तराजूराव चष्मा पुसत राहिले. वीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला त्याचा अर्थ लगेच कळतो. ती म्हणाली, "मग बाबांना विचारा. पलीकडच्या खोलीतच आहेत, गावाला नाही गेलेले. नाहीतर ताईंना बोलवा."

ताई म्हणजे तराजूरावांची थोरली बहीण. ती दुसऱ्या गावात ट्रक चालवायला शिकवायची. अंगापिंडाने दणकट, बोलायला रोखठोक, आणि 'वीजमूठ'मधली थोरली लेक कुणावरून काढली होती ते सांगायला ज्योतिषी नको. लग्न होऊन गेली तोवरचे सगळे अंक तिने वाचले होते. पण ताईला विचारणं म्हणजे आपण वाचले नाहीत हे कबूल करणं. आणि बाबांना विचारणं म्हणजे तेच कबूल करणं, वर पेटी उपडी केल्याचंही सांगणं. तराजूराव म्हणाले, "डॉक्टरांनी त्यांना त्रास द्यायचा नाही म्हणून सांगितलंय." डॉक्टरांचा माणसाला असा उपयोग होतो. विचारायचं तर मधलं एक दार ढकलायचं होतं, पण ते दार त्यांनी उलट नीट लोटून घेतलं.

मग त्यांनी जे केलं ते जगात फक्त तेच करू शकत होते. त्यांनी कचेरीतून व्हर्निअर कॅलिपर आणला. पानावर जिथे फुगा होता तिथे खळीचा पिवळट डाग उरला होता. तराजूरावांनी प्रत्येक डागाची लांबीरुंदी मोजली, प्रत्येक फुग्याची मोजली, आणि ज्याचं माप ज्याला जुळेल तो तिथे चिकटवला. फुग्यावर लिहिलंय काय, ते वाचायचं त्यांनी मुद्दाम टाळलं. वाचलं की माणूस पक्षपात करतो, असं त्यांचं म्हणणं. आठ दिवसांची रजा टाकून ते रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर पानं मांडून बसत आणि बायको मापं वहीत लिहून घेई.

दोन भाग झाल्यावर बायकोने ते वाचून पाहिले. शहर बुडवायला निघालेला दुष्ट काजळ्या धरणावर उभा राहून खदाखदा हसत म्हणत होता, "स्वेटर घातलास का, बाळ?" तिजोरी फोडणारा चोर तिजोरीला म्हणत होता, "किती वाळलीस गं तू." वीजमूठ झाडावर अडकलेलं मांजराचं पिल्लू अलगद उतरवत होता आणि त्याला सांगत होता, "शरण ये, नाहीतर तुझे तुकडे करीन." पोलीसप्रमुख मिशीवरून हात फिरवत फोनवर बोलत होते, "मी तुझी आई बोलतेय." बायकोला इतकं हसू आलं की ती भिंतीला टेकून खाली बसली. तीन महिन्यांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते नुसतंच येत राहिलं. बाबांचं अंग पुसणं, त्यांना भरवणं, त्यांची चादर बदलणं हे सगळं तीच करत होती.

थोड्या वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "अहो, हे चुकलंय."

"माप बरोबर आहे," तराजूराव म्हणाले.

पोलीसप्रमुखांच्या आईचं तेवढं त्यांनी बदललं. बाकीचं राहू दिलं, कारण दिवस कमी होते आणि मापं खरोखरच बरोबर होती.

असं करत करत ते एकविसाव्या भागाच्या शेवटून दुसऱ्या पानावर आले. टेबलावर दोनच फुगे उरले होते. तिसऱ्या चौकटीत म्हातारा वीजमूठ खुर्चीत बसलाय, हातात मोजा, आणि समोर दाराशी चिरंजीव, काखेत छत्री, हातात डब्याची पिशवी. पाचव्या चौकटीत तीच खुर्ची, तोच म्हातारा, पण समोर थोरली लेक. दोन्ही ठिकाणी म्हाताऱ्याच्या तोंडाशी डाग. दोन्ही डाग एका मापाचे. आणि उरलेले दोन्ही फुगेही एका मापाचे, केसाचाही फरक नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच तराजूरावांना मापाने दगा दिला. नाइलाजाने त्यांनी फुगे वाचले.

एकावर लिहिलं होतं, "दार लावून घे. वारा येतोय."

दुसऱ्यावर लिहिलं होतं, "हा मोजा आता तुझा. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

शेवटच्या पानावर थोरली लेक उंच इमारतीवर उभी होती आणि मोजा तिच्या हातात होता. म्हणजे कुठला फुगा कुठे जायचा ते शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. मुलाला दार लावायला सांगितलं आणि मुलीला मोजा दिला. तराजूरावांनाही ते कळलं. ते दोन्ही फुगे तळहातावर घेऊन दुपारभर बसून राहिले. चहा आला आणि गार झाला. मग त्यांनी उठून खोलीचं दार आतून लावलं (वारा येत नव्हता) आणि "तुझ्याशिवाय मला आहे कोण" हा फुगा चिरंजीवांच्या चौकटीत चिकटवला, आणि दार लावायचा थोरल्या लेकीच्या.

एक फुगा चोरून काम भागलं असतं तर काय हवं होतं. पण चिरंजीवांच्या तोंडाशीही एक छोटा डाग होता आणि त्याचा फुगा हरवला होता. बहुतेक केरात गेला असावा. एवढा मोठा मोजा मिळाल्यावर माणूस गप्प कसा राहील? तराजूरावांनी बाबांच्या अक्षराचं वळण गिरवून एक फुगा तयार केला, "बाबा, मी तयार आहे." मग अडचण आली शेवटच्या पानाची. मोजा याला दिला तर तो बहिणीच्या हातात कसा? त्या पानावर मुळात डागच नव्हता, बाबांनी तिला बोलायला काही ठेवलंच नव्हतं. ते तराजूरावांनी ठेवलं. इमारतीच्या टोकावर उभी राहून, केस मागे उडवत, ती आता म्हणत होती, "भावाने आजच्यापुरता दिलाय."

पुस्तक झालं. दोन खंड, जाड पुठ्ठा, वर सोनेरी मूठ. प्रकाशक खूश होता. एका वर्तमानपत्राने लिहिलं की खलनायकाच्या तोंडी इतकी माया घालायला छातीच लागते. ज्या दिवशी खंड घरी आले त्या दिवशी ताईही आली. बाबांना उशांना टेकवून बसवलं, मांडीवर पुस्तक ठेवलं आणि ताई एकेक पान उलटत राहिली. काजळ्याच्या स्वेटरपाशी बाबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसणं होतं की आणखी काही, हे कुणाला सांगता आलं नसतं. तराजूराव पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. 

ते पान आलं. बाबा थांबले. ताईने पान उलटायला हात पुढे केला तर त्यांनी डाव्या हाताने तो बाजूला सारला. मग तोच हात उशाशी चाचपडायला लागला. बायकोला कळलं, तिने त्यांच्या हातात पेन्सिल दिली. बाबांनी पेन्सिल मुठीत धरली आणि "बाबा, मी तयार आहे" या वाक्यावर एक वाकडीतिकडी रेघ मारली. त्यांनी रेघ पुन्हा एकदा मारली, कागद फाटेपर्यंत. मग पेन्सिल सुटली आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

ते पान आणि पुढचं शेवटचं पान ताईने स्वतःशीच वाचलं. तिने त्या घरासाठी काय कमी केलं होतं? आई गेली तेव्हा सगळं तिने सांभाळलं, आताही दर पंधरवड्याला पाच तास गाडी चालवून यायची. हा शेवटचा भाग तिने आज पहिल्यांदाच पाहिला होता. ती हळूच म्हणाली, "मला एवढंच सांगितलं होय त्यांनी? दार लावून घे?"

तराजूराव पडलेली पेन्सिल शोधायला पलंगाखाली वाकले. ती संध्याकाळच्या आत परत निघून गेली, जेवायला थांबली नाही.

त्यानंतर बाबांनी चार दिवस नीट खाल्लं नाही. तराजूराव भरवायला बसले की मान फिरवायचे. बापाने आयुष्यभराची कमाई लेकीला दिली आणि आपण ती वाटेत मारली, बापाने ते पकडलं, आणि आता बाप असाच जाणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. कचेरीत त्यांनी एका भंगारवाल्याच्या खोट्या काट्यावर शिक्का मारला आणि एका प्रामाणिक दुकानदाराला नोटीस धाडली. शेवटी राहवेना म्हणून ताईला फोन करून त्यांनी सगळं ओकून टाकलं. तो फुगा तुझा होता, मी चोरला. ताईने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग दोन आठवडे तिचा फोन नाही, ती आलीही नाही. शाबासकी तर मिळाली नाहीच, होती ती बहीणही गेली.

आणि मग एका सकाळी दारात एक दाताचे डॉक्टर उभे राहिले. पन्नाशीचे गृहस्थ, छातीशी कापडात गुंडाळलेलं गाठोडं. लहानपणापासून 'वीजमूठ'चे भक्त. एकवीसही अंक त्यांनी जिवापाड जपले होते. खंड वाचून त्यांना दोन दिवस झोप लागली नव्हती. चहासुद्धा न घेता ते सुरू झाले. काजळ्या स्वेटरबद्दल बोलत नाही, तो म्हणतो, "आता शहराला कोण वाचवणार?" मांजराला धमकी दिलेली नाही. एकेक अंक उघडून ते बोट ठेवून दाखवत होते आणि तराजूराव मान खाली घालून ऐकत होते. तासाभरात दीडशे चुका झाल्या.

"आणि शेवटच्या भागात तर तुम्ही कमाल केलीत," डॉक्टर म्हणाले.

तराजूराव म्हणाले, "माहीत आहे. तो मोजा बहिणीचा आहे."

"कुणाचा?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं आणि एकविसावा अंक त्यांच्या हातात दिला.

तिसऱ्या चौकटीत म्हातारा वीजमूठ खुर्चीत बसला होता. समोर दाराशी चिरंजीव. आणि म्हातारा त्यालाच सांगत होता, "हा मोजा आता तुझा. तुझ्याशिवाय मला आहे कोण?" तराजूरावांनी फुगा चोरून नेमका त्याच्या जागेवर लावला होता. चुकीचा होता तो फक्त त्यांनी स्वतः लिहिलेला. मूळ अंकात चिरंजीव छत्री सावरत म्हणत होते, "आज नको, बाबा. ऑफिसला उशीर होतोय." पुढच्या चौकटीत नुसतं उघडं दार. त्यापुढे म्हातारा लेकीला दार लावून घ्यायला सांगत होता, आणि मोजा टेबलावर पडला होता.

डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "ही जागा वाचताना मी दर वेळी रडतो. असा कसा हो हा मुलगा?"

तराजूराव आठवायला लागले. बाबांनी असं कधी विचारलं होतं का? ये, जरा बस माझ्याजवळ, चौकटी आखून दे, असं कधीतरी? विचारलं असेल. ते काही केल्या आठवेना, कारण "आज नको, ऑफिसला उशीर होतोय" हे तर ते रोज म्हणायचे. तीस वर्षं रोज सकाळी, दारात उभं राहून. त्यातल्या कुठल्या सकाळी त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात काय होतं, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना तिथेच, त्या परक्या माणसासमोर, हुंदका आला. डॉक्टरांना वाटलं आपण चुका फार कडक शब्दांत दाखवल्या. ते बिचारे अंक तिथेच ठेवून, पाय न वाजवता निघून गेले.

दुपारी तराजूरावांनी ताईला फोन लावला. ती उचलेल असं वाटलं नव्हतं, पण तिने उचलला. त्यांनी अंकातली पानं तिला वाचून दाखवली. पलीकडे ट्रकचं इंजिन बंद केल्याचा आवाज आला.

मग ताई म्हणाली, "अरे, मला कुणी दिलंच नव्हतं कधी. तू टाकून गेलास ते मी उचललं." आणि फोन ठेवण्याआधी, "रविवारी येते मी. बाबांचं जेवणाचं बघ तोवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तराजूरावांनी अंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा कारण न लिहिता रजेचा अर्ज पाठवला. बाबांचा चित्रं काढायचा जुना फळा, काळी शाई, टाक आणि पट्टी घेऊन ते मधलं दार ढकलून आत गेले. बाबा जागे होते. तराजूरावांनी पलंगाला लागून खुर्ची ओढली आणि फळ्यावर कोरा कागद लावला.

"बाबा, आज ऑफिस नाही. मी बसलोय. चौकटी आखून देऊ?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक. डाव्या डोळ्यातून पाण्याचा थेंब ओघळून उशीवर पडला. मग त्यांनी कष्टाने डावं बोट उचलून कागदावर टेकवलं. तराजूरावांनी टाक शाईत बुडवला, श्वास रोखला, जीभ दातांत धरली आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या मापांतल्या चुका काढलेल्या हाताने पट्टीला लावून रेघ ओढली. शाई पट्टीखाली शिरली आणि पसरली. दुसरी रेघ पहिलीला येऊन मिळायची तिथे मिळाली नाही, अर्धं बोट अलीकडेच थांबली. तिसरी मारताना बाही पहिलीवर घासली. चौथी झाल्यावर कागदावर जे तयार झालं त्याला चार बाजू होत्या, एवढंच त्याच्या बाजूने बोलता आलं असतं.

तराजूरावांनी फळा वर उचलून बाबांसमोर धरला.

बाबांनी ती चौकट नीट पाहिली. डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. मुलाच्या चेहऱ्याकडे मायेने पाहिलं. मग सावकाश, सगळी ताकद एकवटून, त्यांनी डावा हात उचलला आणि बोट भिंतीवरच्या घड्याळाकडे केलं.

साडेनऊ वाजले होते. लगेच निघालं असतं तर ऑफिसला वेळेवर पोचता आलं असतं.